पोरं उठून गेली, आणि मलाही हसू आलं नाही

पत्र, थोडक्यात: नाशिकचे एक वाचक, वय ४४, अंबडला कंपनीत नोकरी, घर इंदिरानगरला. लहानपणापासून जुनी कार्टून, मॉन्स्टरचे पिक्चर आणि सगळ्यांची टर उडवणारे स्पूफ यांचं वेड, ते अजून गेलेलं नाही. कंपनीतल्या एका मित्राबरोबर रामसेंचे भुताचे पिक्चर लावून पोट धरून हसतात. मागच्या महिन्यात एका रविवारी त्यांनी तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची भाची यांच्यासाठी हॉलमध्ये 'फेस्टिव्हल' ठेवला. आधी टॉम अँड जेरीचे बारा भाग, मग १९५४ चा गॉडझिला, मग १९८० चा एअरप्लेन. बायको आतून चहा-भजी पाठवत होती. भाची कार्टूनमध्येच कंटाळली. मुलगा "ग्राफिक्स किती भंगार आहे" म्हणून हसत सुटला, त्याला हे रागावले, तो मोबाइल घेऊन उठून गेला. एअरप्लेनमध्ये नको तो सीन आला तेव्हा रिमोट सोफ्याखाली होता. शेवटी एकटेच बसून राहिले आणि त्यांनाच हसू येईना. बायको म्हणाली, "आता तरी मोठे व्हा." त्यांचे प्रश्न असे: हे वेड सोडून द्यावं का? तेव्हा मजा यायची ती खोटी होती का? पोरांना हे आवडावं म्हणून काय करू? आणि माळ्यावर व्हिडिओ कॅसेटचं एक खोकं आहे, ते भंगारात देऊ का?

नमस्कार,

आधी एक कबुली देते. रिमोट सोफ्याखाली हे वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. म्हणजे तुमच्या त्या रविवारात कॉमेडी होती बरं का, फक्त ती पडद्यावर नव्हती.

आता तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न, मजा खोटी होती का. माझं पण असं झालंय. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, पंचवटीत, आणि दूरदर्शनवर तो जायंट रोबोट लागायचा, घड्याळात बोलून रोबोटला बोलावणारा पोरगा आठवतोय का, तुम्ही तेव्हा फारच लहान असाल. आम्ही पंधरा-वीस पोरं फरशीवर दाटीवाटीने बसायचो, घर ज्यांचं होतं त्या काकू आधी सगळ्यांना पाय धुऊन यायला लावायच्या, आणि मध्येच अँटेना हलली की एक जण गच्चीवर पळायचा आणि आम्ही खालून ओरडायचो "आला, आला, गेला!" मागच्या वर्षी मोठ्या हौसेने नेटवर तोच जायंट रोबोट लावला, १९६७ ची जपानी सिरियल आहे ती, आणि पाच मिनिटांत मला झोप लागली. उठले तेव्हा लॅपटॉप विचारत होता तुम्ही अजून बघताय का. तेव्हा मला पण वाईट वाटलं होतं, पण मजा खोटी होती असं नाही वाटलं. वाड्यात मी आठवडाभर वाट बघून पंचवीस मिनिटं बघत होते, आणि आता कुठलीच वाट न बघता सगळेच्या सगळे भाग समोर पडलेले होते. जेवण झाल्यावर पंगतीत पुन्हा बसवलं तर जिलबी पण जात नाही घशाखाली.

तुमच्या फेस्टिव्हलचं नेमकं हेच झालं. टॉम अँड जेरीचे बारा भाग! अहो, ते कार्टून टीव्हीसाठी बनलेलंच नाही. हॅना आणि बार्बेरा या जोडगोळीने १९४० पासून १९५८ पर्यंत एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी ११४ भाग काढले, त्यात सात ऑस्कर मिळाले, आणि बहुतेक भाग सहा ते आठ मिनिटांचे, थिएटरमध्ये मुख्य पिक्चरच्या आधी दाखवायचे म्हणून केलेले. म्हणजे माणूस तिकीट काढून आत यायचा, खुर्चीत नीट बसेपर्यंत एक भाग व्हायचा, पोटभर हसायचा आणि मग दुसरंच काहीतरी बघायचा. पुढचा भाग बऱ्याच आठवड्यांनी. तो पदार्थ लोणच्यासारखा आहे, ताटात डावीकडे चमचाभर. तुम्ही वाटीभर लोणचं वाढलंत आणि भाची जेवत नाही म्हणून काळजीत पडलात. पाचव्यांदा तोंडावर तवा बसतो तेव्हा तो विनोद राहत नाही, तो नुसता तवा होतो.

आणि नंतरची जी टीव्हीची कार्टून आहेत ना, फ्लिंटस्टोन्स, योगी बेअर, स्कूबी-डू वगैरे, ती सलग बघितली तर अजूनच वाट लागते, कारण ती स्वस्तात केलेली होती. एमजीएमने १९५७ मध्ये कार्टूनचा विभाग बंद केला आणि याच दोघांनी टीव्हीसाठी स्वतःची कंपनी काढली, पण टीव्हीकडे पैसे कमी, मग चित्रं कमी काढायची. योगी अस्वलाला कॉलर आणि टाय का आहे माहितीये? कॉलरच्या रेषेवर मान धडापासून वेगळी करता येते, धड तसंच ठेवून नुसतं डोकं नव्याने काढायचं. पात्रं पळतात तेव्हा मागून तेच झाड, तोच दिवा, तीच खिडकी पुन्हा पुन्हा जाते. ह्या गोष्टी एकेका भागात गंमत म्हणून दिसतात, सलग चार तास बघितल्या तर कंटाळा म्हणून. पण पोरांना आधी सांगून ठेवलं की "खिडकी किती वेळा येते मोज" तर बघा काय होतं. माझ्या पुतण्याने एका सीनमध्ये अकरा मोजल्या होत्या आणि बाराव्या वेळी आली नाही म्हणून चिडला होता.

आता गॉडझिला. इथे मला तुम्हाला जरा अडवायचंय. तुम्ही आणि तुमचा मित्र रामसेंच्या पिक्चरमधला सामरी राक्षस बघून पोट धरून हसता, ते चालतं, आणि मुलगा गॉडझिलाला हसला तर तुम्ही रागावलात. का हो? रबरी कपड्यातला माणूस त्याला दिसला, तो हसला, त्यात त्याची काय चूक? मला वाटतं तुम्हाला लागलं ते गॉडझिलासाठी नाही, तुमच्या लहानपणाला तो हसला असं तुम्हाला वाटलं. त्या पोराला ते कुठून कळणार, त्याच्यासाठी तो फक्त एक ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर होता, तो पण चार तासांच्या प्रोग्रॅममधला दुसरा आयटम.

खरं सांगायचं तर १९५४ चा तो पिक्चर विनोदी नाहीच, त्याला कार्टून आणि स्पूफ यांच्या मध्ये बसवणं हीच मोठी गफलत झाली. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, २३ खलाशी होते, सगळे आजारी पडले, हिरोशिमाला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गॉडझिला थिएटरला लागला आणि पिक्चरची सुरुवातच समुद्रात बोट जळण्याने होते. जपानी माणसं ते बघून हसली नसतील. हे सगळं पिक्चरच्या आधी सांगून मुलाला गंभीर करायचं का? नको, तो शाळेचा तास होईल. त्याला हसू द्या. पण "आत माणूस आहे" हे त्याने ओळखलंच आहे, तर तिथूनच पुढे जा. हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस होता आत, आणि तो पोशाख जवळपास १०० किलोचा. मग माणूस एवढ्याशा घरांवरून चालतोय तरी तो डोंगराएवढा का वाटतो? कारण कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने फिरवून शूट केलं आणि नेहमीच्या वेगाने दाखवलं, म्हणजे हालचाल संथ होते आणि संथ झालं की वजन वाटतं. तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये स्लो मोशन आहेच. काडेपेट्यांची बिल्डिंग रचायची, मागे गंगापूर रोडच्या नव्या टॉवरसारखा एक मोठा खोका ठेवायचा, कॅमेरा अगदी फरशीला टेकवायचा आणि लाथ मारायची. एकदा साध्या स्पीडला, एकदा स्लो मोशनला. त्यानंतर त्याला पुन्हा गॉडझिला बघायला बसवायची गरजच पडणार नाही, तो स्वतः दहा मिनिटं बघेल, तेवढीच, पण नीट बघेल. आणि ती डरकाळी! अकिरा इफुकुबे या संगीतकाराने डबल बासच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्यावरून ओढला, त्यातून निघालेला आवाज आहे तो. घरात गिटार असेल तर करून बघा, शेजारी तक्रार करतील पण एवढं चालतं.

'भंगार ग्राफिक्स' या शब्दावर मला अजून थोडं बोलायचंय कारण अशी पत्रं बऱ्याच आईबाबांची येतात. १९३३ चा किंग काँग बघताना त्याच्या अंगावरचे केस सारखे थरथरताना दिसतात. ते मुद्दाम केलेलं नाही, काँग म्हणजे जेमतेम दीड फुटाचा बाहुला, प्रत्येक फ्रेमला तो हाताने जरासा हलवायचा आणि फोटो घ्यायचा, त्यामुळे हलवणाऱ्याच्या बोटांनी केस दबायचे. म्हणजे ९० वर्षांपूर्वी एका माणसाची बोटं जिथे जिथे लागली ते आपल्याला आज दिसतं! मला तर हे कळल्यापासून काँगपेक्षा ते केसच बघावेसे वाटतात. पण हे माझं झालं, पोरांना हे आवडेलच असं नाही, आणि नाही आवडलं तर नाही आवडलं, तुमच्या वडिलांनी तुम्हाला जे जे आग्रहाने ऐकवलं त्यातलं किती आवडलं होतं तेव्हा?

स्पूफचं गणित अजून वेगळं. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ ची, ज्याला त्या काळच्या कवींच्या कविता पाठ होत्या तो वाचून लोळला असेल, ज्याला त्या कविताच माहीत नाहीत त्याला नुसतं यमक दिसतं. विडंबन हे उसन्या साखरेवर चालतं. एअरप्लेन तर चक्क झिरो अवर नावाच्या १९५७ च्या एका गंभीर विमानाच्या पिक्चरवरून उचललाय, रीतसर हक्क विकत घेऊन, हिरोचं नाव पण जवळपास तेच, कितीतरी संवाद जसेच्या तसे. आणि त्यातला डॉक्टर झालेला लेस्ली निल्सन तोपर्यंत गंभीर रोल करणारा नट म्हणूनच ओळखला जायचा, विनोद यातच आहे की तो शेवटपर्यंत गंभीरच राहतो, आपण विनोद करतोय हे त्याला माहीतच नाही असा. आता तुमच्या मुलाने ना ते जुने विमान-संकटाचे पिक्चर बघितलेत ना त्याला तो नट माहीत, मग त्याने कशाला हसायचं? शिवाय तो पिक्चर नऊ वर्षांच्या मुलीबरोबर बघायचा नाहीच, रिमोट हातात असला तरी नाही. रामसेंचं पण तेच, ते तुम्ही आणि तुमचा मित्र बघा, पोरं झोपल्यावर.

तुम्हाला स्वतःला हसू का नाही आलं याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय, "मी सारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आता हसतील, आता हसतील." मग तुम्ही पिक्चर बघितलाच कुठे? लग्नात वाढपी जेवतो का? शिवाय "आता बघ हां, आता मजा येईल" असं तुम्ही प्रत्येक वेळी म्हणाला असणार, पत्रात नाहीये पण मी पैज लावते. झपाटलेला थिएटरला लागला तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे असाल, तात्या विंचू पहिल्यांदा उठून चालायला लागला तेव्हा शेजारी बसून कुणी सांगितलं होतं का की आता हा उठणार आहे?

आता वेड सोडायचं की नाही. पूर्ण सोडायचं तर सोडता येईल, पण कशासाठी, ४४ वर्षांचा माणूस रविवारी दोन तास क्रिकेट बघतो तेव्हा त्याला कुणी मोठा हो म्हणत नाही. नुसतं एकट्याने बघायचं हा दुसरा मार्ग, त्यात काही वाईट नाही, कानात हेडफोन घालून रात्री एक जुना पिक्चर बघणारे कितीतरी जण मला माहीत आहेत आणि ते सुखी आहेत. पण तुमच्या पत्रावरून तुम्हाला सोबत लागते असं दिसतंय. तर मग ती सोबत पोरांचीच हवी हा हट्ट सोडा. तुमच्याकडे सोबत आहे की, कंपनीतला मित्र! आठवडाभर एकाच लाइनवर काम करून शनिवारी रात्री पुराना मंदिर लावणारी दोन माणसं, याच्याहून चांगला फिल्म क्लब नाशकात दुसरा कुठे मिळेल मला सांगा. त्या पिक्चरमध्ये १९८४ सालीच भुताच्या गोष्टीच्या मधोमध जगदीपची शोलेची टर उडवणारी अख्खी वेगळी गोष्ट घातलीये, म्हणजे मॉन्स्टर आणि स्पूफ एकाच तिकिटात. आणि सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले इंजिनिअर होते. तुमच्या कंपनीत हे सांगा.

पोरांबरोबर बघायचंच असेल तर छोटं बघा, आणि त्यांचं एक, तुमचं एक. भाचीने निवडलेलं काहीही असो, तुम्ही पूर्ण बघायचं, मध्ये मोबाइल नाही, मग तुमची सात मिनिटं. तिच्यासाठी स्कूबी-डू चांगलं पडेल, १९६९ चं आहे, भूत येतं, सगळे पळतात, आणि शेवटी मुखवटा काढला की आत कुणीतरी पैशाच्या नाहीतर जमिनीच्या मागे लागलेला माणूस निघतो, हे नाशकातल्या पोरांना वेगळं समजावून सांगायला लागू नये. जुन्या टॉम अँड जेरीत ती कृष्णवर्णीय मोलकरीण ज्या पद्धतीने दाखवलीये, किंवा स्फोट झाला की तोंड काळं करून केलेले विनोद, ते आले तर गप्प बसून पुढे ढकलू नका, "हे तेव्हा चालायचं, वाईट होतं" एवढं एक वाक्य बोला. पोरं लेक्चर ऐकत नाहीत, एक वाक्य ऐकतात.

आणि एक गोष्ट नाशिककर म्हणून सुचवते. आपल्या फाळक्यांचा काळिया मर्दन, १९१९ चा, तेव्हा त्यांची कंपनी इथेच होती, आणि नशिबाने तो पिक्चर बराचसा शिल्लक आहे, नेटवर सापडतो. कृष्ण झालीये त्यांची स्वतःची लहान मुलगी मंदाकिनी. पिक्चरच्या सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर वेगवेगळे हावभाव करून दाखवते, आणि मग पुढे यमुनेतल्या त्या भल्यामोठ्या नागाशी झुंजते. हा मॉन्स्टर पिक्चर नाही तर काय आहे? गॉडझिलाच्या ३५ वर्षं आधी! पूर्ण नका लावू, फक्त सुरुवात आणि नागाचा सीन, आणि भाचीला विचारा हा नाग कसा केला असेल. मग एखाद्या रविवारी मिसळ खाऊन पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकावर चक्कर मारा. तिथे जाऊन माहिती सांगत बसू नका म्हणजे झालं.

फाळक्यांवरून आठवलं. सरस्वतीबाई फाळके राजा हरिश्चंद्रच्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि शिवाय कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य परत वाचा, बायको आतून चहा-भजी पाठवत होती. पाठवत होती! चार तास चाललेल्या फेस्टिव्हलमध्ये ती एकदाही हॉलमध्ये बसली नाही, आणि शेवटी बाहेर येऊन म्हणाली मोठे व्हा. तुम्ही ते कार्टूनबद्दल घेतलंत. मला नाही वाटत ते कार्टूनबद्दल होतं. तिलाही लहानपण होतं, तिच्या घरी पण टीव्ही होता किंवा नव्हता, तिने पण कधीतरी झी हॉरर शो चादरीच्या फटीतून बघितला असेल, किंवा गणपतीत रस्त्यावर पडदा लावून पिक्चर दाखवायचे तेव्हा पडद्याच्या मागच्या बाजूला बसून सगळी उलटी नावं वाचली असतील. तुम्ही कधी विचारलंय? सोळा-सतरा वर्षं लग्नाला झाली असतील आणि तुमच्या पत्रात सामरीचं नाव तीनदा आहे, ती काय बघायची याबद्दल एक शब्द नाही. पुढच्या वेळी भजी तळायचीच असतील तर आधी तळून ठेवा, दोघांनी मिळून, आणि पहिला पिक्चर तिला निवडू द्या. तिने सासू-सुनेची सिरियल निवडली तर ती पण बघा, आणि मुलाला सांगा याचं स्पूफ करून दाखव, तीनदा वळणारी मान आणि ढॅण ढॅण म्युझिक, त्याच्या फोनवर दोन मिनिटांत होईल. टर कशाची उडवायची हे ज्याला माहितीये तो उडवतो बरोबर.

राहिलं खोकं. भंगारात देऊ नका, निदान बघितल्याशिवाय नको. केबलवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेट असतील तर पिक्चर आज कुठेही मिळेल, पण मधल्या जाहिराती मिळणार नाहीत. १९९५ ला कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं तेव्हा दिवसा कार्टून आणि रात्री त्याच जागी टीएनटी नावाच्या चॅनलचे जुने इंग्रजी पिक्चर लागायचे, तो बदल होतानाचा एखादा तुकडा तुमच्याकडे असेल तर मला कळवा, मी इंदिरानगरला बघायला येईन. कॅसेट पावसाळ्याच्या आधी उतरवा. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आत टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते का बघा, दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, हेडला लागते आणि मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटला पण. कोरड्या असतील त्या एकदा पुढे-मागे गुंडाळून उभ्या ठेवा, आडव्या नको, आणि जुन्या लग्नाच्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणारे जे आहेत त्यांच्याकडे आधी एकच नेऊन बघा, सगळं खोकं एकदम देऊ नका. देताना निक्षून सांगा की जाहिराती कापायच्या नाहीत, नाहीतर ते लोक चांगलं काम म्हणून नेमक्या त्याच कापतात.